द ड्यूक: एनएफएलचा खरा बॉल हातात घेतला की अख्खा गेम कळायला लागतो

अमेरिकन फुटबॉल समजून घ्यायचाय ना, मग रूलबुक नंतर वाचा, यूट्यूबवरचे 'दहा मिनिटांत सगळे नियम' वाले व्हिडिओ पण नंतर बघा, आधी एक चांगला लेदरचा बॉल हातात घ्या. हे मी आता ज्याला त्याला सांगत सुटलोय. आणि चांगला म्हणजे विल्सनचा 'द ड्यूक', एनएफएल म्हणजे अमेरिकेतली सगळ्यात मोठी प्रोफेशनल फुटबॉल लीग, तिच्या प्रत्येक मॅचमध्ये असतो तोच. शंभर डॉलरच्या वर जातो, घेताना घरात थोडी चर्चा झालीच, पण लेक इथे अमेरिकेत शाळेत फ्लॅग फुटबॉल (अंगावर न झेपावता खेळायचा प्रकार) खेळायला लागली आणि तिच्यामागून मलाही नाद लागला, म्हणून घेतला. आता चांगला वापरून झालाय, तर सविस्तर लिहितो.

आधी वस्तूबद्दल. टोकापासून टोकापर्यंत साधारण 11 इंच, वजन 14 ते 15 औंस म्हणजे चारशे ग्रॅमच्या आसपास, हवा 12.5 ते 13.5 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), हे सगळं नियमात ठरलेलं. गाईच्या कातड्याचे चार तुकडे शिवून बनतो, वरून बारीक बारीक दाणे उठवलेले असतात, एका बाजूला पांढऱ्या लेसचे आठ आडवे टाके, आणि लीगच्या कमिशनरची सही छापलेली. लेदर शिकागोच्या हॉर्वीन कंपनीचं, ही 1905 पासूनची जुनी टॅनरी आहे. बॉल बनतो ओहायोमधल्या एडा नावाच्या छोट्याशा गावात, 1955 पासून तिथेच, आणि विल्सन एनएफएलला बॉल देतेय 1941 पासून.

बनवायची पद्धत तर भारीच आहे. चारही तुकडे आतली बाजू बाहेर ठेवून शिवतात, म्हणजे शिवून झाल्यावर बॉल उलटा असतो, मग वाफ देऊन लेदर मऊ करायचं आणि लेसच्या त्या एवढ्याशा फटीतून अख्खा बॉल दांड्याच्या आधाराने, अंगातली सगळी ताकद लावून सुलटा करायचा. हे माणूस करतो, हाताने. मग आत ब्लॅडर, म्हणजे हवेची पिशवी, घालायचा, लेस पण हातानेच ओवायची, साच्यात ठेवून आधी खूप जास्त दाबाने हवा भरायची म्हणजे आकार पक्का बसतो, आणि मग हवा कमी करून 13 च्या आसपास आणायची. हे कळल्यावर मला किमतीचं दुःख बरंच कमी झालं, खरंच सांगतो. शिलाई जवळून बघा एकदा, एक टाका इकडचा तिकडे नाहीये.

नावामागे पण गोष्ट आहे. न्यूयॉर्क जायंट्सचे मालक टिम मारा यांच्या मुलाचं नाव वेलिंग्टन मारा. इंग्लंडच्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनवरून टीममधले प्लेयर्स त्या पोराला 'ड्यूक' म्हणायचे. तेच नाव 1941 मध्ये बॉलला मिळालं. 1970 ला दोन लीग एकत्र झाल्या तेव्हा ते गेलं, आणि वेलिंग्टन मारा 2005 मध्ये वारल्यावर 2006 च्या सीझनपासून परत आणलं. एका लहान पोराचं टोपणनाव अजून देशातल्या सगळ्यात मोठ्या लीगच्या बॉलवर आहे, मला हे फार आवडतं.

आता वापराबद्दल. नवा बॉल बॉक्समधून काढला की गुळगुळीत लागतो, वर मेणासारखा थर असतो, लगेच फेकायला गेलात तर हातातून सटकणार. तो तयार करावा लागतो. ओल्या फडक्याने पुसायचा, घोड्याच्या केसांच्या ब्रशने घासायचा, लेदर कंडिशनर लावायचं, वाळू द्यायचं, परत घासायचं, आणि हे सगळं घाई न करता काही दिवस चालू ठेवायचं. हळूहळू रंग गडद होत जातो आणि मग लेदरला एक चिकटपणा येतो, हात ठेवला की बॉल हात धरून ठेवतो असं वाटतं. प्रो टीमचे इक्विपमेंटवाले लोक हेच काम आठवडाभर करत असतात, क्वार्टरबॅकला, म्हणजे पास टाकणाऱ्या मुख्य प्लेयरला, जसा लागतो तसा बॉल घासून देतात, कारण 2006 पासून प्रत्येक टीमला आपले बॉल स्वतः तयार करायची परवानगी आहे, आणि ती मागणाऱ्यांत पेटन मॅनिंग आणि टॉम ब्रेडी हे क्वार्टरबॅक पुढे होते. नंतर 2015 च्या जानेवारीत पेट्रियट्स आणि कोल्ट्स या टीमच्या मॅचमध्ये पेट्रियट्सच्या बॉलमध्ये हवा कमी होती यावरून केवढा गदारोळ झाला, कोर्टापर्यंत गेलं, पेट्रियट्सच्या ब्रेडीला चार मॅच बसवलं. बाहेरून बघताना वाटतं की हवेवरून एवढं काय, पण हा बॉल रोज हातात घेतला की एक पीएसआयचा फरक बोटांना खरंच कळतो. किकिंगसाठी तर 1999 पासून वेगळे बॉल ठेवतात, तेव्हा ते टीमला आधीपासून हवे तसे घासून मऊ करता येऊ नयेत म्हणून आणले होते.

पकड कशी घ्यायची ते सांगतो कारण खरी मजा तिथेच आहे. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट लेसवर, तर्जनी मागच्या टोकाजवळ, तळहात आणि बॉलच्या मध्ये थोडी फट. बॉल कानाजवळून वर न्यायचा आणि सोडताना तर्जनी सगळ्यात शेवटी सुटली पाहिजे, हात खाली येताना अंगठा जमिनीकडे. लेक मला मैदानात ओरडून सांगत असते, "बाबा, अंगठा खाली!" आणि तिचं बरोबर असतं, कारण अंगठा खाली आला की बॉल आपोआप स्वतःभोवती गरगर फिरत जातो, त्यालाच स्पायरल म्हणतात. फिरणारा बॉल हवेत डगमगत नाही, टोक पुढे करून सरळ हवा कापत जातो. स्वस्तातल्या रबरी बॉलने पण जमतं पण या लेदरने जो सूं असा आवाज येतो ना कानाजवळून जाताना, तो नाही येत.

आणि इथूनच गेम समजायला लागतो. हा आकार पहिल्यापासून असा नव्हता. 6 नोव्हेंबर 1869 ला रटगर्स आणि प्रिन्स्टन कॉलेजमध्ये जी पहिली मॅच धरतात ती गोल बॉलने, जवळपास सॉकरसारखी झाली होती, रटगर्सने 6-4 ने जिंकली. पुढे रग्बीची पद्धत आली, मग येलच्या वॉल्टर कॅम्पने 1880 मध्ये टीममध्ये 11 जण आणि लाइन ऑफ स्क्रिमेज, म्हणजे प्रत्येक प्ले (डाव) जिथून सुरू होतो ती रेषा, आणली, 1882 मध्ये डाउन्स आणले, म्हणजे तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे जा नाहीतर बॉल दुसऱ्याला द्या. पण पुढे पास करायला बंदी होती, त्यामुळे सगळे घोळक्याने एकमेकांवर तुटून पडायचे, आणि 1905 च्या एका सीझनमध्ये डझनाहून जास्त पोरं जिवानिशी गेली. शेवटी प्रेसिडेंट थिओडोर रूझवेल्टने हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसला बोलावून सांगितलं की हा खेळ सुधारा. 1906 ला फॉरवर्ड पास कायदेशीर झाला आणि पाच यार्डांचे दहा यार्ड झाले.

त्याच सप्टेंबरमध्ये सेंट लुइस युनिव्हर्सिटीच्या ब्रॅडबरी रॉबिन्सनने पहिला कायदेशीर पास टाकला, तो खाली पडला, आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे बॉल सरळ समोरच्या टीमला मिळाला! तरी त्याच मॅचमध्ये त्याने परत टाकला आणि टचडाउन करून दाखवला. तेव्हाचा बॉल चांगलाच गुबगुबीत होता, एका हातात मावणं कठीण. मग तो हळूहळू सडपातळ होत गेला, 1934 मध्ये घेर अजून कमी केला, आणि आज आपण क्वार्टरबॅक म्हणून ज्याला डोक्यावर घेतो तो माणूस या सडपातळ आकारामुळे तयार झाला. ड्यूक हातात धरून हे वाचा, लगेच पटेल.

आता बेसिक नियम, नवीन लोकांसाठी. मैदान 100 यार्ड लांब, दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचे एंड झोन. पंधरा मिनिटांचे चार क्वार्टर. बॉल ज्या टीमकडे आहे तिला चार प्रयत्न, म्हणजे चार डाउन, त्यात दहा यार्ड पुढे गेलात तर परत नवे चार. स्क्रीनवर 'थर्ड अँड सेव्हन' असं दिसतं त्याचा अर्थ तिसरा प्रयत्न आणि अजून सात यार्ड बाकी, बस एवढंच, हे एकदा कळलं की निम्मी मॅच कळली. आपल्याला समजायला सोपं म्हणजे कबड्डी आठवा, प्रत्येक चढाई वेगळी, मध्ये सगळे परत आपापल्या जागी, आणि खरी लढाई इंच इंच जमिनीची. बॉल एंड झोनमध्ये नेला की टचडाउन, सहा पॉइंट. वर किक मारून एक किंवा परत एकदा आत शिरून दोन. जमत नसेल तर लांबून खांबांमधून किक मारून फील्ड गोल, तीन. आणि समोरच्या बॉलवाल्याला त्याच्याच एंड झोनमध्ये आडवा केला तर दोन, त्याला सेफ्टी म्हणतात. पुढे पास एका प्लेमध्ये एकदाच टाकता येतो, तोही लाइनच्या मागून. मागे किंवा बाजूला कितीही वेळा.

चौथ्या डाउनला काय करायचं हा या खेळातला सगळ्यात भारी प्रश्न आहे असं माझं मत. दोन यार्ड हवेत, मैदानाच्या मधोमध आहात, पंट मारून बॉल लांब ढकलून द्यायचा की हिंमत करायची? टीव्हीसमोर बसलेल्या प्रत्येकाकडे याचं उत्तर असतं आणि प्रत्येकाचं वेगळं असतं, दोन प्लेच्या मध्ये जो थांबा येतो ना तो याच्यासाठीच असतो, भांडायला. बरेच जण म्हणतात की हा खेळ सारखा थांबतो. थांबतोच. तीन तासांच्या मॅचमध्ये बॉल प्रत्यक्ष खेळात जेमतेम अकराएक मिनिटं असतो. पण त्या थांब्यातच दोन्ही कोच डाव रचतायत, डिफेन्स जागा बदलतोय, क्वार्टरबॅक लाइनवर उभा राहून काहीतरी ओरडून आख्खा प्लॅन बदलतोय, ते बघायला शिकलात की थांबा जाणवत पण नाही. जाहिराती मात्र जास्त आहेत, ते मान्य, त्याला काही डिफेन्स नाही.

परत बॉलकडे येतो. याची दोन टोकं हा या खेळातला सगळ्यात मोठा खट्याळपणा. जमिनीवर पडला की कुठे उडेल सांगता येत नाही, टोकावर पडला तर एकीकडे, पोटावर पडला तर दुसरीकडे. म्हणून फंबल झाला, म्हणजे बॉल हातातून सुटला, की बावीस जण त्याच्यावर झेपावतात. म्हणून पंट जमिनीवर पडल्यावर प्रेक्षक श्वास रोखून बघतात. म्हणूनच फील्ड गोलच्या वेळी बॉल धरणारा माणूस तो क्षणात फिरवून लेस किकरच्या विरुद्ध बाजूला करतो, पाय लेसला लागला तर किक वाकडी जाते. घरी एकाने धरून दुसऱ्याने मारून बघा, फरक लगेच दिसतो.

पूर्वी ड्रॉप किक असायची, बॉल जमिनीवर टाकायचा आणि उसळताना मारायचा. टोकं निमुळती झाली तशी ती संपत गेली कारण उसळीचा भरवसाच राहिला नाही. 1 जानेवारी 2006 ला पेट्रियट्सच्या डग फ्लूटीने, वय 43, डॉल्फिन्सविरुद्ध ड्रॉप किकने एक पॉइंट काढला, एनएफएलमध्ये 1941 नंतर पहिल्यांदा. नुसता एक पॉइंट, पण लोक अजून त्याबद्दल बोलतात. मी या ड्यूकने ड्रॉप किकची प्रॅक्टिस करत असतो, आणि करून बघितली की त्या एका पॉइंटची किंमत कळते.

उसळीचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे 23 डिसेंबर 1972, पिट्सबर्ग. स्टीलर्स 7-6 ने मागे, 22 सेकंद बाकी, चौथा डाउन आणि दहा यार्ड. टेरी ब्रॅडशॉने पास टाकला, तिथे दोघांची टक्कर झाली, बॉल उलटा मागे उडाला, आणि जमिनीला लागणार तेवढ्यात फ्रँको हॅरिसने बुटांपाशी तो उचलला आणि थेट एंड झोनपर्यंत पळत गेला. 13-7. स्टीलर्सचा प्लेऑफमधला पहिलावहिला विजय. पिट्सबर्गच्या एअरपोर्टवर आज जॉर्ज वॉशिंग्टनच्या पुतळ्याशेजारी हॅरिसचा त्या पोझमधला पुतळा उभा आहे. एका कॅचला देशाच्या पहिल्या प्रेसिडेंटच्या शेजारी जागा, यावरून इथल्या लोकांचं या खेळाशी काय नातं आहे ते कळतं.

ते नातं टीव्हीवर कळत नाही पूर्ण. त्यासाठी शुक्रवारी संध्याकाळी कुठल्याही छोट्या गावातल्या हायस्कूलच्या मॅचला जा. बँड वाजतोय, शाळा सोडून कित्येक वर्षं झालेले लोक अजून त्याच शाळेचं जॅकेट घालून आलेत, आजी-आजोबा ब्लँकेट पांघरून बाकांवर, पोरांची नावं सगळ्यांना पाठ. इथे आठवडा पण वाटून दिलाय, शुक्रवार शाळांचा, शनिवार कॉलेजांचा, रविवार एनएफएलचा, आणि हे नुसतं रिवाज म्हणून नाहीये, 1961 च्या कायद्यात शाळा-कॉलेजांच्या सीझनमध्ये शुक्रवार रात्र आणि शनिवारच्या मॅचेसना एनएफएलच्या टीव्ही प्रक्षेपणापासून संरक्षण आहे. कॉलेजचं वेड तर विचारू नका, अॅन आर्बरच्या मिशिगन स्टेडियममध्ये एक लाखाहून जास्त माणूस बसतं. थँक्सगिव्हिंगला (नोव्हेंबरमधला इथला सण) डेट्रॉइट लायन्सची मॅच 1934 पासूनची परंपरा, आणि जेवणाआधी घरामागच्या अंगणात काका, भाचे, नव्याने आलेले जावई सगळे मिळून खेळतात. या देशात नवीन आलेल्या माणसाला कुणी बॉल फेकून 'गो लाँग' (लांब पळ, बॉल येतोय) म्हटलं ना, की समजा घरात घेतलं.

आणि एक गोष्ट, मॅचेस कमी असतात. एनएफएलमध्ये एका टीमच्या रेग्युलर सीझनला फक्त 17. त्यामुळे प्रत्येक रविवार जड असतो, एक हरलात तर आठवडाभर तोंड पाडून फिरायचं. सुपर बोलला, म्हणजे सीझनच्या फायनलला, 12 कोटींहून जास्त लोक एकाच वेळी एकच गोष्ट बघत असतात, आजच्या काळात दुसरं असं काय उरलंय सांगा.

जिंकल्यावर कोच एखाद्या प्लेयरला 'गेम बॉल' देतो. आमच्या शेजारच्या आजोबांच्या घरी शेल्फवर तसा एक आहे, त्यांच्या हायस्कूलचा, लेदर सुकून काळं पडलंय, लेस पिवळी झालीये, पण बाजूला पांढऱ्या रंगात स्कोअर आणि समोरच्या शाळेचं नाव अजून नीट वाचता येतं. त्यांनी तो माझ्या हातात दिला तेव्हा दोन्ही हातांनी दिला. ड्यूक लेदरचाच घ्यायचा हे मी तिथेच ठरवलं.

आता तक्रारी. पावसात अजिबात नेऊ नका, लेदर पाणी पितं, जड होतं आणि निसरडं होतं, पावसासाठी एक स्वस्त रबरी किंवा कंपोझिट बॉल वेगळा ठेवा. डांबरी पार्किंगमध्ये पण नको, दाणे लगेच झिजतात. दुसरं, ऑनलाइन घेताना नीट वाचा, 'द ड्यूक रेप्लिका' नावाचा कंपोझिटचा पण मिळतो, फोटोत जवळजवळ सारखाच दिसतो, किंमत बरीच कमी असते, आणि लोक तोच खरा समजून घेतात. वर्णनात अस्सल लेदर लिहिलंय का बघा. तिसरं, हवा अधूनमधून तपासावी लागते, गेज असलेला पंप घ्या आणि सुई आत घालताना ओली करा, कोरडी घातली तर व्हॉल्व्ह खराब होतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हा लहान मुलांसाठी नाही. फुल साइज आहे, छोट्या हातात बसत नाही आणि मग पोरं चुकीच्या पद्धतीने फेकायला शिकतात. विल्सनचेच छोटे साइज आहेत, 6 ते 9 वयाला के2, 9 ते 12 ला टीडीजे, 12 ते 14 ला टीडीवाय. माझ्या लेकीच्या प्रॅक्टिसला टीडीजे जातो आणि ड्यूक आम्ही दोघं रविवारी बाहेर काढतो.

टॅकल फुटबॉलबद्दल, म्हणजे अंगावर झेपावून आडवं करतात त्या नेहमीच्या प्रकाराबद्दल, आईबापांना काळजी वाटते ती रास्त आहे, डोक्याला वारंवार बसणाऱ्या मारामुळे मेंदूचा सीटीई नावाचा आजार होतो हे कित्येक माजी खेळाडूंमध्ये दिसलंय, त्यामुळे माझं स्पष्ट मत, लहान वयात फ्लॅगच खेळवा. कमरेला पट्टा, त्याला फडकी, फडकं ओढलं की प्ले संपला. पास तोच, कॅच तोच, डोकं चालवणं तेच. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये फ्लॅग फुटबॉल येतोय, पुरुष आणि महिला दोन्ही, त्यामुळे हे काही दुय्यम राहिलेलं नाही.

पाचपैकी साडेचार देतो, अर्धा किमतीचा कापला. मोठ्या माणसाला गिफ्ट द्यायचं असेल, किंवा मॅच बघता बघता हातात काहीतरी खरं हवं असेल, तर डोळे झाकून घ्या. सोबत ब्रश आणि कंडिशनर पण मागवा, आणि घेणार असाल तर ऑगस्टमध्येच घ्या, म्हणजे सप्टेंबरमध्ये सीझन सुरू होईपर्यंत घासून तयार होतो.